सगळ्या भाषा येणारा मुलगा

भाषाशास्त्र शिकून माणूस पुढे काय होतो, हा प्रश्न मला पहिल्यांदा आमच्या गावच्या न्हाव्याने विचारला. वस्तरा गळ्याशी होता, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घाईघाईने "प्रोफेसर" म्हणून मोकळा झालो. त्याने वस्तरा पुसला आणि म्हणाला, "म्हंजी मास्तरच की. मंग त्यासाठी हैदराबादला कामून जायाचं? मास्तर तर गंगाखेडला बी होता येतंय."

निजामाच्या राज्याची ती अखेरची काही वर्षं. बाहेर मोठी लढाई चालू होती आणि तिच्यापायी आमच्याकडे रॉकेल आणि कापड मिळेनासं झालं होतं. आमचं गाव गंगाखेडपासून कोसभरावर, गोदावरीच्या अलीकडे. मी परभणीला शाळा संपवून हैदराबादच्या विद्यापीठात गेलो होतो. तिथे सगळं शिक्षण उर्दूतून. इतिहास उर्दूत, गणित उर्दूत, आणि 'लिसानियात' नावाचा एक विषय, म्हणजे भाषेचं शास्त्र, तोही उर्दूत. मी खरा गेलो होतो इतिहासासाठी. पण लिसानियात शिकवणाऱ्या सरांचा एक तास ऐकला आणि कामातून गेलो.

हे सर शेरवानी घालून वर्गात यायचे आणि आल्या आल्या आम्हाला तोंड उघडायला लावायचे. जीभ कुठे टेकते, वारा कुठून जातो, घसा कुठे थरथरतो, सगळं स्वतःच्या तोंडात शोधायचं. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'क' म्हणायचं, मग 'ख' म्हणायचं. 'ख'ला पट्टी हलते. जन्मापासून बोलत आलो, पण आपल्या तोंडात इतका कारखाना चालतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की सुट्टीत घरी आल्यावरही मी खुंटीवरचा आरसा काढून पडवीत बसलो आणि पट्टी हलवत 'क, ख, क, ख' करू लागलो. मायने दारातून पाहिलं. तशीच आत गेली, मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन आली, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट फारच मोठी होती म्हणे. पुढे दोन-तीन दिवस मला ताक जास्त मिळालं, म्हणून मीही तिची समजूत घालायच्या भानगडीत पडलो नाही.

वडिलांची अडचण निराळी होती. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. जमीन चांगली, बैल देखणे, गावात शब्दाला मान. पण "मला ठाऊक नाही" हे वाक्य त्यांच्या जिवावर यायचं. राणीसावरगावच्या बाजारात कुणीतरी विचारलं, "पोरगं काय शिकायलंय?" दादा म्हणाले, "भाषा." "कोन्ची?" आता इथे थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. दादा म्हणाले, "समद्या!" पुढच्या बाजारी त्यात फारसी आणि इंग्रजी आली, त्यानंतर अरबी. मी सुट्टीवर आलो तोवर मला चिनीही येऊ लागली होती.

मी त्यांना समजावून पाहिलं. "दादा, भाषा येणं येगळं अन् भाषेचा अभ्यास करनं येगळं. वैद्याला काय समदे रोग झालेले असत्यात का?"

"न्हाई," दादा म्हणाले. "पर रोगी दारात आला तर वळखतो का न्हाई?"



ही थट्टा झाली, पण त्या सुट्टीत माझ्या जिवाला एक खरा घोर होता. मी बी. ए. झालो होतो. सरांनी सांगितलं होतं, परत ये, एम. ए. कर, वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून देतो. इकडे दादांनी गंगाखेडच्या तहसीलात माझ्यासाठी अहलकाराची जागा पाहून ठेवली होती. अहलकार म्हणजे कारकून, पण सरकारी कारकून. येत्या सोमवारी हजर व्हायचं, असं तिथल्या पेशकारसाहेबांनी, म्हणजे मोठ्या कारकुनाने, सांगितलं होतं. एकदा तिथल्या टेबलाशी बसलो की हैदराबाद संपलं, हे मला कळत होतं. दादांना नोकरीच्या पगाराची गरज नव्हती. त्यांना हवं होतं ते वेगळंच. वर्षानुवर्षं शेतसाऱ्यासाठी, फेरफारासाठी ते त्या कचेरीच्या दाराशी जोडे काढून उभे राहिले होते. आत आपलं माणूस असावं, कुणीतरी "या, बसा" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. या इच्छेविरुद्ध मी काय बोलणार? मी आतल्या आत चिडत होतो.

अशात शुक्रवारी सकाळी स्टेशनावरचा हमाल एका म्हातारीला बैलगाडीत बसवून आमच्या दारात घेऊन आला.

"दोन रोजापून टेसनावर बसलीय," तो म्हणाला. "काय बोलती कुनालाच समजंना. मिस्त्रीनं तेलंगीत इचारलं, कानडी दुकानदारानं कानडीत इचारलं, टेसन मास्तरनं उर्दूत इचारलं. कायबी न्हाई. म्हनलं, तुमच्या पोराला समद्या भाषा येत्यात, तवा हितंच आनावं."

म्हातारी ठेंगणी, काटक. हातांवर, पोटऱ्यांवर दाट गोंदण. एका डोळ्यावर दवाखान्याची पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यात आम्हा सगळ्यांबद्दलचा पुरेपूर राग. गाडीतून उतरताना तिने हमालाचा हात झिडकारला, आणि जी बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. पाचच मिनिटांत निम्मा गाव अंगणात जमला. दादांनी पटका नीट केला आणि माझ्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं. त्यांची सगळी अब्रू माझ्या जिभेवर येऊन बसली होती.

मी ऐकू लागलो. खरंच, एक शब्द कळेना. मग सरांची एक शिकवण आठवली: समोरच्याची भाषा येत नसेल तर आपली बंद करा आणि वस्तूंकडे बोट दाखवा. मी जमिनीवर तिच्यासमोर मांडी घातली. मायने तांब्या दिला होता. मी त्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"येर," ती म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा चेहरा करून.

मी म्हणालो, "येर." तिला ते पसंत पडलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा म्हटलं, शेवटी तिने माझी हनुवटी धरली आणि शाळेतल्या पोराकडून करून घ्यावं तसं माझ्याकडून करून घेतलं. अंगणातल्या बाया खो खो हसल्या. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तीही हसली. मग तिला या खेळात गोडी वाटू लागली. मी हात दाखवला, ती म्हणाली, "कय." मी बोटं उघडत गेलो. चार बोटांना ती "नालुंग" म्हणाली. माझे कान टवकारले. तेलुगूतल्या चाराचा हा सख्खा भाऊ! पण पाचाला म्हणाली "सैयुंग", आणि हे माझ्या ओळखीचं नव्हतं. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु, कानडीत नीरु. हिचं येर. म्हणजे घराणं तेच, घर निराळं. मिस्त्री आणि दुकानदार दोघेही दाराजवळून परत गेले होते.

मी बोटं दाखवतोय, ती शब्द देतेय, आणि मागे सगळ्या बाया एका सुरात तो शब्द म्हणताहेत, असा आमच्या अंगणात वर्गच भरला. आमचा न्हावीही त्यात होता, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

मला सरांचं एक वाक्य आठवत होतं, पण नेमकं हाती लागत नव्हतं. आपल्या राज्याच्या उत्तरेच्या रानात राहणाऱ्या गोंडांबद्दल ते बोलले होते. आपण त्यांना गोंड म्हणतो, ते स्वतःला काय म्हणतात? बराच वेळ मी डोळे मिटून बसलो. गावाला वाटलं मी मंत्र आठवतोय. आणि मग एकदम सुचलं.

"कोइतुर?" मी विचारलं.

म्हातारी बोलता बोलता थांबली. तिने हळूच हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. "कोइतुर," ती म्हणाली, आणि त्या एका डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग माझे दोन्ही हात धरून ती जे बोलत सुटली, त्यात तिचं गाव होतं, घर होतं, सगळं होतं, आणि मला त्यातलं काहीही समजत नव्हतं.

"काय म्हनायलीय?" दादांनी विचारलं.

"दादा, ती काय म्हनायलीय ते न्हाई समजलं. पर ती कुठली हाय ते समजलं."

मग मी मला ठाऊक असलेली त्या रानातली बाजाराची गावं एकेक करून म्हणू लागलो. माहूर म्हणालो, तिने मान हलवली, नाही. उटनूर, नाही. किनवट म्हणालो, आणि तिने गुडघ्यावर अशी थाप मारली की अंगणातली कोंबडी उडाली.

गावाने जल्लोष केला. खरं तर मला एका भाषेतले मोजून मूठभर शब्द कळले होते. पण दादा गर्दीत सांगत होते, "ह्ये तर कायच न्हाई. चिनी बी येती त्याला."

आता तिला पोचवायचं कुणी? पोलीस पाटील म्हणाले, परभणीला पोलिसांच्या हवाली करू, ते बघतील. दादा भडकले. "दारात आलेलं मानूस पोलिसाच्या हाती देऊ? तिची बोली तिथं कोन समजून घेनार हाय? आमी पोचवतो." आमी म्हणजे ते आणि मी. माय हळूच म्हणाली, "सोमवारचं काय?" दादा म्हणाले, "सोमवार कुटं पळून चाललाय? तवर येतो की माघारी."

शनिवारी आम्ही रेल्वेत बसलो. म्हातारी खिडकीशी, माझ्या मायचं जुनं लुगडं अंगाभोवती घेऊन. आता ती खुशीत होती आणि दिसेल त्या वस्तूचं नाव मला शिकवत होती. झाड, कुत्रा, गाय. मी चुकलो की दादांकडे बघून माझी तक्रार करत होती. दादाही तिच्याकडे बघून "लय मंद हाय" अशी मान हलवत होते. भाषेवाचून त्या दोघांचं माझ्याबद्दल पूर्ण एकमत होतं.

नांदेड येईतो दादांनी तोच प्रश्न विचारला, न्हाव्याचा. फक्त आवाज निराळा होता. "ह्ये शिकून पुढं मानसं करत्यात काय?"

मी सांगितलं. आमच्या पुढच्या वर्गातला एकजण रेडिओवर बातम्या वाचतो. एकजण सरकारच्या तर्जुम्याच्या खात्यात आहे, कायदे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करतो. एकजण गोऱ्या सोल्जरांना हिंदुस्तानी शिकवतो आणि त्यांच्याकडून सिगारेटी मिळवतो. एकजण कोशाच्या कामावर आहे; तो गेली दोन वर्षं एकाच अक्षरात अडकला आहे, पण सुखात आहे.

"अन् तू?"

"मला गावोगाव हिंडायचंय. लोकं कसं बोलत्यात ते ऐकायचंय."

"फुकट?"

"न्हाई. वजीफा मिळतो."

"ऐकायचा पगार!" दादा इतके हसले की शेजारचा प्रवासी जागा झाला. "आपल्या गावात समदे फुकटच ऐकत्यात लेका, अन् ते बी दुसऱ्याच्या घरचं!"

ते हसले म्हणून मला बरं वाटलं, पण ते हो म्हणाले नव्हते.

नांदेडहून सरकारी मोटार, तिच्यातून उतरून बैलगाडी. किनवटच्या बाजारात म्हातारीला ओळखणारा माणूस भेटला. त्याने कपाळावर हात मारला आणि आमच्या गाडीपुढे पळत सुटला. रानातला पाडा आला तेव्हा रविवारची दुपार उलटली होती. सगळा पाडा वाटेवर उभा होता. म्हातारीचा मुलगा, चाळिशीतला बाप्या, आईला पाहून लहान पोरासारखा रडला. गाडीवानाने लोकांना विचारून आम्हाला सांगितलं: डोळा दाखवायला तो तिला नांदेडला घेऊन गेला होता. परतताना मोटार सुटेपर्यंत दोघे स्टेशनावर टेकले होते; तिथल्या गर्दीबरोबर ती रेल्वेच्या डब्यात चढली, आणि गाडी निघून गेली. तो तीन स्टेशनं पालथी घालून कालच रिकाम्या हाताने परतला होता. आईने त्याला आधी जवळ घेतलं, मग सणसणीत चपराक मारली. हे मात्र मला शब्दशः समजलं.

गाडीवान म्हणाला, "आता निघाला तर रातची मोटार घावंल. सकाळी परभनी." म्हणजे सोमवार साधला असता. मी दादांकडे पाहिलं. म्हातारीने त्यांच्या बाहीला धरून ठेवलं होतं आणि चुलीकडे बोट दाखवत होती. जेवल्याशिवाय सोडणार नव्हती.

"दादा, सोमवार," मी म्हणालो. माझी इच्छा नव्हती, पण म्हणालो.

"मला वार समजत्यात," दादा म्हणाले. त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि मांडी घातली. गाडीवानाने बैल सोडले.

मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची भीतीही वाटली. दादा एका जेवणासाठी थांबलेत की आणखी कशासाठी, हे विचारायचा धीर मला होत नव्हता.

ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. ज्वारीची भाकरी, रानातली कसली तरी भाजी, मोहाची फुलं. सगळे आमच्याभोवती बसले. दादांना गप्पांची तहान लागली होती, म्हणून त्यांनी आपल्या ढवळ्या बैलाची गोष्ट काढली: तो गोदावरीच्या पुरात कसा वाहून गेला आणि चौथ्या दिवशी आपल्या पायांनी कसा घरी आला. बराच वेळ सांगून ते थांबले आणि मला म्हणाले, "सांग त्यांना."

मला येत होते एकूण वीसेक शब्द. मी म्हणालो, "बैल. येर. घर." बैलाचा शब्दही मराठीच घातला आणि हाताने पूर दाखवला. लोक हसून हसून लोळले. मग म्हातारीचा मुलगा पुढे झाला आणि चांगल्या स्वच्छ मराठीत दादांना म्हणाला, "मामा, मला मराठी येते. बाजाराला नेहमी जातो ना. मी सांगतो."

त्याने सांगितलंही. दादांनी मान डोलावली. पण त्याच्यानंतर ते जे जे बोलले, ते सगळं त्या मुलाला सोडून माझ्याकडेच वळून, "हं, सांग त्यांना." म्हातारी काही बोलली तरी तिच्या मुलाला न विचारता मलाच, "काय म्हनायलीय रे?" मी अंदाजाने ठोकून देत होतो. मुलगा गालात हसत होता आणि मला पाठीमागून खरा अर्थ पुरवत होता. असं आम्ही दोघांनी मिळून दादांचं समाधान केलं. इतका गोड बाप मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मंगळवारी आम्ही गंगाखेडला उतरलो. मला वाटलं, घरी जाऊ. दादा म्हणाले, "आधी तहसील. आपन शब्द टाकला होता. तोंडानं सांगून यावं."

पेशकारसाहेबांच्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर, कालच नेमलेला एक मुलगा बसला होता. दादांनी नेहमीसारखे दाराशी जोडे काढले आणि हात जोडून उभे राहिले. पेशकारांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाले, "कल कहाँ थे? जगह किसी की राह देखती है?"

दादांना कचेरीपुरती उर्दू येत होती. ते म्हणाले, "साब, पोरगा कामपे गया था."

"काम? कौनसा काम?"

मी वर पाहिलं. दादांनी जोडलेले हात खाली घेतले होते.

"एक मावशी थी, साब. उसकी बोली किसीकू नै समजती थी. तेलंगीवालेकू नै, कानडीवालेकू नै, सरकारी मास्तरकू नै. इने समजा. घर पोचाके आया." आणि मग, कचेरीत आजवर कधी बोलले नव्हते अशा मोठ्या आवाजात, "लय मोठा काम हय, साब. तुमारे कचेरीमे नै होता."

 तो नवा मुलगा खाली मान घालून हसू दाबत होता. दादा वळले, जोडे घातले आणि पायऱ्या उतरले. मी मागोमाग गेलो. बाहेर उन्हात मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "आता तुमाला पुन्ना हितंच उभं ऱ्हावं लागंल."

"उभं ऱ्हायला पाय हायेत की मला," दादा म्हणाले. "हैदराबादची गाडी कवा हाय, ते सांग."